‘किरणरेषा’ या संज्ञेविषयी

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरासंबंधी मराठीत लिहू लागले की ‘बीमलाइन’ या शब्दासाठी ‘किरणरेषा’ असा प्रतिशब्द योजण्याचा मोह होतो. शब्द सुबोध आहे. परंतु तो वस्तूचे यथार्थ ज्ञान करून देत नाही, असे आमचे मत आहे. हॅम्बुर्ग येथील डेसी संस्थेच्या ‘फ्लॅश’ या यंत्रावरून ते पडताळून पाहता येईल.

२००५ साली हे यंत्र संशोधकांस खुले झाले. त्यात प्रकाशाच्या वेगाच्या निकट नेलेले इलेक्ट्रॉन, उत्तर व दक्षिण ध्रुव एकाआड एक मांडलेल्या चुंबकांच्या रांगेतून नागमोडी जातात आणि प्रकाश देतात. (‘मुक्त’ म्हणजे अणूत बद्ध नसलेला, इतकेच. एरवी या इलेक्ट्रॉनाइतका परतंत्र प्राणी विरळा!) मूळ रचनेत ही प्रकाशवृद्धी इलेक्ट्रॉनांच्या पुंजातील स्वैर विषमतेतून सुरू होई. म्हणून प्रत्येक स्पंदाचा वर्णपट निराळा आणि अनेक शिखरांचा असे. त्यातून हवी ती तरंगलांबी वेचण्याचे काम पुढील मार्गावरील जालकाकडे येई. उरलेला प्रकाश वाया जाई, आणि जालकामुळे स्पंद कालदृष्ट्या लांबत असे, हे वेगळेच. मृदू क्ष-किरण हवेत शोषले जातात, म्हणून हा सारा मार्ग निर्वात ठेवावा लागतो. आरशांवर कार्बनचा लेप असतो व प्रकाश त्यांना जेमतेम स्पर्श करील इतका तिरका पाडतात. अशा व्यवस्थेस ‘रेषा’ म्हणणे म्हणजे गिरणीला ‘धान्याची वाट’ म्हणणे होय.

पुढे ‘फ्लॅश२०२०+’ या योजनेखाली जून २०२४ मध्ये यंत्र थांबवून त्याच्या पहिल्या शाखेची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. बाहेरील लेसराने इलेक्ट्रॉनांच्या पुंजावर आधीच ठसा उमटवावयाचा, म्हणजे निघणारा प्रकाश मुळातच नियत व अरुंद वर्णपटाचा व्हावा, हा तिचा गाभा. त्रिएस्ते येथील ‘फर्मी’ यंत्रात हे तत्त्व त्यापूर्वीच व्यवहारात आले होते.

भाषाभ्यासकास येथे एक गोष्ट विशेष जाणवते. निवडीचे जे काम मार्गाकडे होते त्याचा मोठा वाटा उगमाकडे सरकला. शब्दाचे मूल्य शेजारच्या शब्दांवरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे प्रत्ययास येतो: ‘लेसर’ या संज्ञेचा आशय वाढला की ‘बीमलाइन’चा आकसतो. आपले परिभाषाकोश मात्र दोन्ही शब्द स्वतंत्र ओळींवर नोंदवून मोकळे होतात. दोष प्रतिशब्दाचा कमी, या पद्धतीचा अधिक.

आम्ही ‘शलाकामार्ग’ सुचवितो. त्यात बांधलेपणाची जाणीव आहे. जालक, आरसे, निर्वात नळ यांना त्यात जागा मिळते. तो थोडा बोजड आहे हे मान्य. शिवाय त्यानेही सर्व अडचण फिटत नाही. त्याच यंत्राच्या दुसऱ्या शाखेत, जिथे २०१४ साली प्रथम लेसरप्रकाश मिळाला, स्वैर विषमतेपासून प्रारंभ होण्याची जुनीच पद्धत योजिली होती. तेव्हा एकाच छपराखालील दोन मार्गांविषयी लिहिणाऱ्या भाषांतरकारास प्रथम विचारावयास हवे, की आपण कोणत्या मार्गाविषयी बोलत आहात?