कपालेश्वरासमोरची मोकळी जागा

शंकराच्या देवळात शिरताना आपले पाऊल आधी नंदीपाशी थांबते. त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, दोन शिंगांमधून गाभाऱ्यातल्या पिंडीकडे पाहायचे आणि मगच पुढे जायचे, ही आपल्या अंगवळणी पडलेली रीत. नाशिकला पंचवटीत, रामकुंडाजवळच्या पायऱ्या चढून कपालेश्वराच्या दर्शनाला गेले की ही रीत जागच्या जागी अडखळते. पिंडी आहे, जलधारा आहे, बेलाची रास आहे. समोर नंदी तेवढा नाही. ज्या जागेवरून आपण एरवी देवाकडे पाहतो ती जागाच मोकळी, आणि साऱ्या देवळात मन खिळवून ठेवणारी गोष्ट कोणती म्हणाल, तर ती मोकळी जागाच.

त्या जागेची कथा नाशिककरांच्या ओठांवर आहे. ब्रह्मदेवाला तेव्हा पाच मुखे होती. चार मुखे वेद म्हणत आणि पाचवे शंकराची निंदा करी. एका क्षणी शंकराचा संयम सुटला आणि ते पाचवे मस्तक त्याने धडावेगळे केले. राग ओसरला, पण ब्रह्महत्या पाठीस लागली, त्रैलोक्य पालथे घातले तरी सुटेना. हिंडत हिंडत तो सोमेश्वराशी आला, तेव्हा एका ब्राह्मणाच्या दारातली गाय आणि तिचा गोऱ्हा यांचे बोलणे त्याच्या कानी पडले. गोऱ्ह्याला वेसण घालायची होती. मी त्या ब्राह्मणाला शिंगांनी मारीन, असे गोऱ्हा म्हणत होता. ब्रह्महत्येचे पातक लागेल, असे आई बजावत होती. आणि ते कुठे फिटते हे मला ठाऊक आहे, असे लेकरू तिला सांगत होते. घडलेही तसेच. ब्राह्मण मेला, गोऱ्ह्याचे शुभ्र अंग काळे पडले. तो धावत निघाला, रामकुंडात उतरला आणि पुन्हा शुभ्र होऊन वर आला. त्याच्या मागोमाग शंकरही त्या पाण्यात उतरला आणि मोकळा झाला. तो गोऱ्हा म्हणजेच नंदी. ज्याने वाट दाखवली तो गुरू. गुरूला सेवकासारखे समोर कसे बसवायचे? म्हणून इथे नंदी नाही.

या कथेचा एकेक पदर सावकाश उलगडून पाहू. पहिली नवलाई ही, की ज्याच्या तिसऱ्या डोळ्यात मदनाला भस्म करण्याचे तेज, त्याला आपल्याच हातून घडलेल्या एका कृत्याची राख करता येत नाही. सामर्थ्य सगळे आहे, पण ते अपराधापुढे निरुपयोगी. दुसरी नवलाई अधिक कोवळी. त्याला जे ज्ञान हवे होते ते कैलासावर मिळाले नाही, ऋषींच्या सभेत मिळाले नाही; ते मिळाले परक्या दारात, दावणीपाशी, आणि तेही त्याला उद्देशून बोललेले नव्हते. तिसरी नवलाई तर थेट आपल्या काळजाला हात घालते: वाट दाखवणारा स्वतः निष्कलंक नाही. त्याचेही अंग काळे पडले होते, तोही घाबऱ्याघुबऱ्या पाण्याकडे पळाला होता. चुकलेल्या माणसाला कधीच न चुकलेल्याचा उपदेश सहसा पोचत नाही. त्याला जो आधी काळवंडला आणि मग उजळला अशा कुणाच्या तरी मागे चालायचे असते. शंकराने तेच केले, आणि मोकळा झाल्यावर त्या सोबत्याचे ऋण असे मानले, की आजही कुणी कपालेश्वरासमोर उभा राहिला तर आधी ते ऋणच दृष्टीस पडते.

आता अहिल्याबाई होळकर पूल ओलांडून पलीकडच्या तीराकडे वळू. तिथले सुंदरनारायणाचे देऊळ गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी 1756 मध्ये बांधले. पाषाणाचे ते शिल्पवैभव स्वतंत्र रसग्रहणाचा विषय. आपल्याला हवी आहे ती त्यामागची कथा. जालंधर या असुराला हरवायचे तर त्याची पत्नी वृंदा हिच्या पातिव्रत्याचे कवच भेदणे भाग होते, म्हणून विष्णूने जालंधराचे रूप घेऊन तिला फसवले. हेतू विश्वाच्या कल्याणाचा, कृत्य मात्र एका स्त्रीच्या विश्वासाचा घात करणारे. वृंदेने शाप दिला. विष्णूचे रूप काळवंडले, कुरूप झाले. मग तोही याच गोदावरीत न्हाला आणि आपले सौंदर्य परत पावला. एका तीरावर क्रोधात चुकलेला देव, दुसऱ्या तीरावर कपटात चुकलेला देव, आणि दोघांच्या मधून वाहणारी एकच नदी!

ती नदी तरी कुठून आली? त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींचा आश्रम होता. दुष्काळात त्यांनी अनेकांना अन्न दिले, आणि त्यातूनच इतरांच्या मनात मत्सर जन्मला. शेतात शिरलेल्या गाईला हाकलायला त्यांनी दर्भाची काडी उगारली. गाय तिथेच कोसळली. ती मायावी होती, डाव दुसऱ्यांचा होता, तरी गौतमांनी ती सबब पुढे केली नाही. गोहत्येचा डाग आपला मानून त्यांनी तप मांडले आणि शंकराच्या जटेतली गंगा ब्रह्मगिरीवर उतरवली. ती निसटू लागली तेव्हा कुशाने अडवली, ते आजचे कुशावर्त. इथे कथा विशाल होते. गौतमांना आपला एक डाग धुण्यापुरते पाणी हवे होते. मिळाली ती सुमारे 1,465 किलोमीटर वाहणारी, महाराष्ट्र-तेलंगण-आंध्राची शेते भिजवणारी, पैठण-नांदेडला घाट देणारी नदी. समुद्राला मिळण्यापूर्वी धवलेश्वरमपाशी तिचे फाटे फुटतात, त्यांतल्या एका मोठ्या फाट्याला आजही गौतमी म्हणतात. एका माणसाच्या पश्चात्तापाला देवाने दिलेले उत्तर इतके उदंड, की ते लाखो अनोळखी ओंजळींना पुरून उरले.

आणि तरीही या कथा क्षमेला स्वस्त करीत नाहीत, हे त्यांचे मला वाटणारे सर्वांत मोठे सौंदर्य. कार्तिकातल्या वैकुंठ चतुर्दशीला कपालेश्वर आणि सुंदरनारायण यांची हरिहरभेट होते. एरवी हरीला तुळस आणि हराला बेल. त्या दिवशी हराला तुळस आणि हरीला बेल. आता ही तुळस कोण ते आठवा. ती वृंदाच आहे. जिला फसवले तीच तुळस झाली, आणि तिच्या पानावाचून विष्णूचा नैवेद्य पुरा होत नाही. याच दिवसांत, द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत, आपल्या अंगणात तुळशीचे लग्न लागते. नदीने देवाचा वर्ण उजळला, पण जिच्यावर अन्याय झाला तिला विसरण्याची मुभा दिली नाही. तिला मस्तकी धारण करायचे, तिच्यावाचून जेवायचे नाही, हे त्या उजळण्याचेच अंग. त्या भेटीत शंकराच्या माथ्यावर तुळस चढते तेव्हा एका उद्धरलेल्याला दुसऱ्या उद्धरलेल्याची सारी कहाणी ठाऊक असते आणि तो तिचा आदराने स्वीकार करतो.

रामकुंडावर माणसे अस्थी घेऊन येतात, सिंहस्थात स्नानाला लोटतात, कुणी उगीचच पाण्यात पाय सोडून बसते. त्यांतल्या अनेकांच्या मनात कुठलीशी मोडलेली शपथ असेल, तुटलेले नाते असेल, संतापात उच्चारलेला आणि मग परत घेता न आलेला शब्द असेल. नाशिकच्या या कथा त्यांना निर्दोष व्हायला सांगत नाहीत. चूक आपली म्हणा, जो आधी धुऊन निघाला त्याच्या मागे जा, दुखावलेल्याला जन्मभर मानाचे स्थान द्या, आणि मिळालेली कृपा स्वतःपुरती अडवून ठेवू नका, एवढेच सांगतात. आपण खचतो ते बहुधा अपराधाच्या भाराने नव्हे, आता आपल्याला जागा उरली नाही या भयाने. त्या भयाला या दोन तीरांनी दिलेले उत्तर निःसंदिग्ध आहे: जिथे प्रत्यक्ष देवांनी आपल्या चुका लपवल्या नाहीत, त्यांच्यावर देवळे उभी राहू दिली, तिथे चुकलेल्या माणसाला परत येण्याचा हक्क आहेच, आणि परत आलेल्याने पुढच्याचा वाटाड्या व्हावे, ही त्या देवांची अपेक्षाही आहे.