क्रूस आणि झाड: जेम्स कोन यांचा धर्मविचार

धर्म शोषितांच्या बाजूने उभा राहू शकतो काय, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ज्या धर्माने आपले माणूसपण नाकारले तो सोडण्याची घोषणा बाबासाहेबांनी 1935 साली येवल्यात केली आणि 1956 साली नागपुरात ती खरी करून दाखवली. अमेरिकेतील काळ्या माणसापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. त्याच्या पूर्वजांना गुलाम करणारा गोरा मालक ख्रिस्ती होता आणि पुढे गुलामही ख्रिस्ती झाला. मग या दोघांचा येशू एकच कसा? जेम्स कोन यांनी आयुष्यभर याच प्रश्नाशी झुंज घेतली. 2011 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री' हे पुस्तक म्हणजे त्या झुंजीचा सर्वांत परिपक्व हिशेब आहे.

कोन यांचा जन्म 1938 सालचा. आर्कान्सा राज्यातील बेअर्डन या लहान गावात ते वाढले. वस्ती वेगळी, शाळा वेगळी, चर्चही वेगळे. वडिलांना रात्री घरी यायला उशीर झाला की मुलाच्या पोटात गोळा येई. कारण गोऱ्यांपुढे मान न वाकवणाऱ्या काळ्या माणसाचे काय होते, हे त्या मुलाला ठाऊक होते. पुढे त्यांनी धर्मविचाराचे उच्च शिक्षण घेतले आणि कार्ल बार्थ या युरोपीय पंडितावर प्रबंध लिहिला. पण 1967 साली डेट्रॉइट पेटले, 43 माणसे मेली आणि आपण शिकलेल्या विद्येत या जळत्या शहराविषयी एक शब्दही नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. 1968 च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी कोन यांचे पहिले पुस्तक 'ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर' प्रसिद्ध झाले. चर्चमध्ये उपासना करणाऱ्या काळ्या माणसाने रस्त्यावरच्या काळ्या माणसाशी केलेली ही हातमिळवणी होती.

'द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री' या ग्रंथाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते. येशूचा क्रूस आणि काळ्या माणसाला टांगून मारण्याचे झाड या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय अमेरिकेत ख्रिस्ती होता येणार नाही. ही नुसती उपमा नव्हे. रोमन साम्राज्यात क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी शिक्षा होती. ती भर रस्त्यात दिली जाई, म्हणजे पाहणाऱ्याने दहशत घ्यावी. लिंचिंगचेही तेच. टस्कीगी संस्थेने ठेवलेल्या नोंदींप्रमाणे 1882 ते 1968 या काळात 3446 कृष्णवर्णीय असे मारले गेले. जमाव जमे, बायकामुले येत, छायाचित्रे काढून त्यांची पोस्टकार्डे विकली जात. या जमावात रविवारी चर्चला जाणारी माणसे असत. वेदीवरचा क्रूस त्यांना दिसे. गावाबाहेरचे झाड मात्र त्यांच्या श्रद्धेला कधी टोचले नाही.

जमावाचे सोडा, पंडितांचे काय? कोन यांनी येथे राइनहोल्ड नीबूर यांना उभे केले आहे, आणि पुस्तकातील हा भाग सर्वांत धारदार आहे. नीबूर हे विसाव्या शतकातील अमेरिकेचे मोठे ख्रिस्ती विचारवंत. न्यू यॉर्कच्या युनियन सेमिनरीत त्यांनी तीन दशके शिकवले; कोनही पुढे तेथेच प्राध्यापक झाले. क्रुसावर नीबूर यांच्याइतके खोल चिंतन क्वचितच कोणी केले असेल. वंशभेद हे पाप आहे, असेही ते म्हणत. पण क्रूस आणि झाड यांचे नाते त्यांना दिसले नाही. कोन त्यांची थोरवी नाकारत नाहीत, त्यांचे ऋण मान्य करतात आणि मग विचारतात की एवढ्या बुद्धिमान माणसाला हे दिसू नये, हे कसे? उत्तर सरळ आहे. माहितीची उणीव नव्हती. काळ्या माणसाचे दुःख त्यांनी दुरून, तोलूनमापून पाहिले. ज्याचा बाप, ज्याचा मुलगा टांगला जाऊ शकतो त्याला असे तोलूनमापून पाहणे परवडत नाही. आपल्याकडच्या उदारमतवादी समीक्षकांनी आणि सुधारकांनी हे प्रकरण दोनदा वाचावे.

धर्मपंडितांना जे दिसले नाही ते कवींना दिसले. काउंटी कलेन यांनी 1929 साली काळ्या ख्रिस्तावर दीर्घ कविता लिहिली. लँग्स्टन ह्यूज, ड्यू बॉइस यांनीही मारल्या गेलेल्या काळ्या माणसात येशू पाहिला. ही नावे आपल्याला परकी नाहीत. डॉ. म. ना. वानखेडे यांनी निग्रो साहित्याकडे मराठी लेखकाचे लक्ष वेधले आणि 1972 साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या पँथरवरून घेतले. कोन यांच्या मते अमेरिकेचे खरे धर्मचिंतन या कवींनी आणि ब्लूज गाणाऱ्यांनी केले. साहित्याला एवढा अधिकार देणारा धर्मविचारक विरळा.

तरीही एका ठिकाणी वाचक अडखळतो. 1955 साली मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला ठार मारण्यात आले. त्याच्या आईने, मेमी यांनी, शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे म्हणून. गोऱ्या पंचांनी आरोपींना निर्दोष सोडले. त्या मातेच्या धैर्यात कोन यांना क्रुसाचे सामर्थ्य दिसते. पण मग प्रश्न उरतो की निरपराध मुलाच्या मरणातून कोणाचा उद्धार होतो? डेलोरेस विल्यम्स या कृष्णवर्णीय लेखिकेने हाच आक्षेप 1993 साली घेतला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी वाहिलेल्या काळ्या स्त्रीला 'दुःख तारक असते' असे सांगणे म्हणजे तिच्या शोषणाला आशीर्वाद देणे होय, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. कोन हा आक्षेप टाळत नाहीत, तो पुस्तकात घेऊन त्याला उत्तर देतात. पण त्यांचे उत्तर श्रद्धेचे आहे, आणि ज्याच्याजवळ ती श्रद्धा नाही त्याला ते पुरत नाही.

मला विल्यम्स यांचा आक्षेप रास्त वाटतो. वेदनेचे उदात्तीकरण हा धोका धर्माला आहे तसा साहित्यालाही आहे, आणि आपले साहित्यही त्यातून सुटलेले नाही. वेदना मांडता मांडता आपण तिला देव्हाऱ्यात बसवतो आणि मध्यमवर्गीय वाचक तिला हात जोडून मोकळा होतो. वेदना पूजेसाठी नसते. ती कोणी दिली आणि कशी थांबेल, हे विचारण्यासाठी ती मांडायची असते.

मात्र एक गोष्ट कोन यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. त्यांनी धर्माची कसोटी ग्रंथातून काढून झाडाखाली नेली. जात पाळणाऱ्या आपल्या देशातील चर्चलाही ती लागू आहे; 1980 च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी दलित ख्रिस्ती थिऑलॉजी मांडली ती याच जाणिवेतून. आणि ती केवळ ख्रिस्ती माणसालाच लागू आहे असेही नाही. अमेरिकेत लिंचिंगविरुद्ध संघराज्याचा कायदा व्हायला 2022 साल उजाडावे लागले. 2018 साली निवर्तलेले कोन तो पाहू शकले नाहीत. आपल्या गावाबाहेर काय चालले आहे, हे विहारात, चर्चमध्ये वा मशिदीत बसलेल्या माणसाला दिसते काय? दिसत नसेल तर त्याची प्रार्थना कोणत्याही भाषेतली असो, ती जमावाच्या बाजूचीच आहे.