पाणबुडी परत कुठे येते?

'व्हिजिल' या बीबीसीच्या मालिकेची पहिली काही मिनिटं बघितली नसतील तर आधी तेवढी बघून घ्या. स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत एक मासेमारी ट्रॉलर आहे. जाळं कशात तरी अडकतं, दोर ताणले जातात आणि बोट मागच्या बाजूने खाली खेचली जाते. आरडाओरड करायलाही वेळ मिळत नाही. जवळच पाण्याखाली एचएमएस व्हिजिल नावाची अण्वस्त्रधारी पाणबुडी आहे आणि तिच्यातल्या लोकांना हे सगळं ऐकू येतंय. वर जाऊन माणसं वाचवायची का? कॅप्टन नाही म्हणतो. वर गेलो तर आपण कुठे आहोत ते कळेल, आणि आपण कुठे आहोत ते जगात कुणालाही कळू न देणं हीच आपली नोकरी आहे.

मालिका २०२१ च्या ऑगस्टमध्ये आली. सहा भाग, लेखक टॉम एज. पाणबुडीत एक खलाशी मरतो आणि तपासासाठी एमी सिल्वा (सुरान जोन्स) या पोलीस अधिकारी बाईंना हेलिकॉप्टरमधून दोरीने पाणबुडीवर उतरवतात. माणसं वाचवायला वर न येणारी पाणबुडी पोलिसांना आत घ्यायला वर येते, यावर फार विचार करायचा नाही असा आपला आणि मालिकेचा करार आहे. मी तो पाळला आणि दोन रात्रींत सगळी बघून टाकली. थ्रिलर म्हणून ती घट्ट बांधलेली आहे. अरुंद बोळ, बंक, दिवस-रात्र एकच उजेड, आणि घरून येणारे छोटे निरोप ज्यांना उत्तर देता येत नाही, हे सगळं चांगलं जमलंय.

माझी तक्रार वेगळी आहे. ट्रॉलरच्या दृश्यात मालिका एक प्रश्न उघडते आणि नंतर पाच भाग त्याच्याकडे पाठ फिरवून पळत राहते. मासेमारांच्या पाण्यात ही पाणबुडी मुळात आली कशाला? जगभर लपायला महासागर पडलेत, मग ती इथे का?

हे दृश्य हवेतून आलेलं नाही. २२ नोव्हेंबर १९९० ला क्लाइडच्या खाडीत 'अँटारेस' नावाची मासेमारी बोट अशीच गेली. कॅराडेल गावची बोट, चार माणसं. ब्रिटिश नौदलाच्या 'ट्रेंचंट' या पाणबुडीत तिचं जाळं अडकलं होतं. चौघेही मेले. 'ट्रेंचंट' अणुऊर्जेवर चालणारी होती, पण तिच्यावर अण्वस्त्रं नव्हती. ती सरावात होती. म्हणजे वास्तवातल्या अपघातामागे कुठलाही मोठा नैतिक पेच नव्हता. एकाच पाण्यात दोन धंदे चालत होते आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याचं काही दिसत नव्हतं, इतकंच. मालिकेने यातून कॅप्टनचा पेच बनवला. नाट्य म्हणून तो चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट गळली. अपघात त्या खाडीतच होणार होता, कारण पाणबुड्यांचं घर त्या खाडीत आहे.

ते घर म्हणजे फासलेन. ग्लासगोपासून साधारण ४० किलोमीटरवर, गेअर लॉख नावाच्या लांबट खाडीत. ब्रिटनच्या चार ट्रायडेंट पाणबुड्या इथे राहतात. एप्रिल १९६९ पासून ब्रिटनची किमान एक अण्वस्त्रधारी पाणबुडी कायम समुद्रात असते, आणि ती कुठे आहे ते तिच्यावरच्याही मोजक्याच लोकांना माहीत असतं. पण ती परत कुठे येते ते सगळ्यांना माहीत आहे. मॅप्स उघडलं की फोनवर दिसतं. डोंगराच्या पलीकडे, लॉख लाँगच्या काठावर कूलपोर्ट आहे. तिथे डोंगरात खोदलेल्या कोठारांत वॉरहेड ठेवतात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या एका अवाढव्य बंदिस्त धक्क्यात ती क्षेपणास्त्रांवर चढवतात. क्षेपणास्त्रं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून, किंग्ज बे इथून येतात. वॉरहेड इंग्लंडच्या दक्षिणेतून, बर्कशरमधून, ट्रकच्या ताफ्याने, साध्या हमरस्त्यांवरून येतात. समुद्रात अदृश्य असलेली ही व्यवस्था जमिनीवर फार जागा खाते.

मालिकेत या तळाचं नाव बदलून 'डनलॉख' केलंय. तिथे तळाच्या दाराशी शांतता छावणी आहे, जशी फासलेनला १९८२ पासून खरोखर आहे. पण छावणीतली माणसं कथेला फक्त दोन गोष्टींसाठी लागतात: संशय घ्यायला आणि मरायला. छावणीत राहणारी जेड मेलेल्या खलाशाची मैत्रीण असते. तिला काहीतरी माहीत असतं, म्हणून ती मारली जाते. गावातला दुकानदार, तळावर पोट असलेला वेल्डर, दोन्हीकडे नातेवाईक असलेली एखादी शिक्षिका, यांच्यापैकी कुणीही बोलत नाही. शेवटी खलनायक रशियाशी जोडलेला निघतो आणि सगळं सोपं होऊन जातं. शत्रू बाहेरचा असला की तळ तिथे का आहे हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारणारं लेखन आहे. ते कथा-कादंबऱ्यांत कमी आणि पीडीएफमध्ये जास्त सापडतं. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत १८ सप्टेंबर २०१४ ला झालं. त्याआधीची दोनेक वर्षं लंडनमध्ये सगळ्यांना एकच धसका होता: हे लोक वेगळे झाले तर पाणबुड्या न्यायच्या कुठे? एडिनबरोचं सरकार म्हणत होतं की पहिल्याच कार्यकाळात ट्रायडेंट बाहेर. ब्रिटिश संसदेच्या स्कॉटलंडविषयक समितीने २०१२ मध्ये सांगितलं की अण्वस्त्रं काही दिवसांत निकामी करता येतील आणि दोन वर्षांत हलवता येतील. काढणं सोपं होतं. नवीन जागी मांडणं अवघड होतं.

त्या काळातले दोन दस्तऐवज मी एकापाठोपाठ एक वाचले. पहिला २०१२ चा, जॉन एन्सली यांचा, नाव 'ट्रायडेंट: नोव्हेअर टू गो'. एन्सली स्कॉटलंडमधल्या अण्वस्त्रविरोधी चळवळीचे समन्वयक होते. २०१६ मध्ये वारले. दुसरा ऑगस्ट २०१४ चा, लंडनच्या 'रुसी' या संरक्षण-अभ्यास संस्थेचा, लेखक ह्यू चाल्मर्स आणि माल्कम चाल्मर्स. त्याचं नाव 'रिलोकेशन, रिलोकेशन, रिलोकेशन', म्हणजे घरं शोधून देणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाच्या नावावरची कोटी.

गंमत अशी की दोघांच्या टेबलावर साधारण एकच नकाशा आहे. १९६२ च्या डिसेंबरमध्ये नासाऊला मॅकमिलन आणि केनेडी यांच्यात पोलॅरिस क्षेपणास्त्रांचा सौदा झाला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश नौदलाने तळासाठी किनारे धुंडाळले. डेव्हनपोर्ट, फाल्मथ, मिलफर्ड हेवन, पोर्टलंड, रोसाइथ अशी यादी होती. अटी साध्या दिसतात: खोल पाणी, समुद्राकडे पटकन वाट, आणि शस्त्रांचं कोठार पाणबुड्यांपासून सुरक्षित अंतरावर पण फार लांब नाही. शेवटची अट कुठेच सरळ बसत नाही. स्फोट झाला तर शेजारचं उडू नये इतकं लांब आणि रोजचं काम होईल इतकं जवळ. गेअर लॉख आणि लॉख लाँग यांच्यामध्ये एक डोंगराळ द्वीपकल्प होतं, जणू ऑर्डर देऊन बनवलेलं. शेजारी होली लॉखमध्ये अमेरिकनांचा पोलॅरिस तळ १९६१ पासून होताच.

एन्सली एकेक जागा घेतात आणि खोडतात. डेव्हनपोर्टला पाणबुड्यांची दुरुस्ती होते, गोद्या आहेत, पण ती गोदी प्लिमथ शहराच्या कुशीत आहे. अडीच लाखांहून जास्त वस्ती, भिंतीपलीकडे घरं. मिलफर्ड हेवनला तेलशुद्धीकरण होतं, पुढे द्रवरूप वायूची टर्मिनल्स आली. त्यांच्या शेजारी अण्वस्त्रांचं कोठार कोण मंजूर करणार? फाल्मथला खाडी सुंदर आहे, तोच तिचा अडसर. तिथे पर्यटन आहे, शिडाच्या होड्या आहेत, गावं आहेत. म्हणून जागा नाही, आणि जागा नाही म्हणून अण्वस्त्रंच सोडा.

रुसीचे लेखक त्याच जागा घेतात आणि म्हणतात, होईल. पाणबुड्या डेव्हनपोर्टला, कोठार फाल्मथजवळ. वेळ लागेल, काही अब्ज पाउंड लागतील, पण अण्वस्त्रांच्या एकूण खर्चापुढे हा आकडा डोंगराएवढा नाही. अडचण आहे ती राजकीय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे दोन्ही सूर माझ्या ओळखीचे आहेत. एखादी जुनी सिस्टीम नव्या सर्व्हरवर न्यायची असली की मीटिंगमध्ये एक जण म्हणतो 'शक्यच नाही' आणि दुसरा म्हणतो 'बजेट द्या, करतो'. पहिल्याला बहुतेक वेळा सिस्टीमच बंद करायची असते. दुसऱ्याने तिथे काम करणाऱ्यांना विचारलेलं नसतं.

गद्य म्हणून रुसीचा अहवाल सरस आहे. तो शांत आहे, प्रामाणिक आहे, कुठेही आरडाओरडा करत नाही. त्याचा दोषही तिथेच आहे. 'जमीन संपादन' असं एक कलम येतं आणि त्यात गावं, शाळा, चर्चची दफनभूमी सगळं मावतं. वाचताना शंकाही येत नाही की आत कुणी राहतं. कोटीबाज शीर्षक मला त्यामुळेच खटकलं. घर शोधणाऱ्या कार्यक्रमात निदान घरात राहणारं कुटुंब दाखवतात.

एन्सलींचं लेखन खडबडीत आहे, एकाच दिशेने ढकलतं, आणि 'कुठेच जागा नाही' हे त्यांचं वाक्य शब्दशः खरं नाही. जागा असते, फ्रान्सला ब्रेस्टजवळ ईल लाँग हे द्वीपकल्प सापडलंच की. त्यांना म्हणायचंय ते असं की आजच्या नियमांनी, आजच्या लोकांना विचारून, इंग्लंडमध्ये जागा मिळणार नाही. पण तेच मोजमाप गेअर लॉखला लावलं तर? तिथेही गॅरलॉखहेड गाव तळाला चिकटून आहे, हेलन्सबरासारखं गाव दहा-एक किलोमीटरवर आहे, आणि पलीकडे ग्लासगो. प्लिमथला जो धोका अमान्य आहे तो इथे सहा दशकं मान्य आहे, कारण इथे माणसं कमी आहेत आणि १९६३ मध्ये त्यांना कुणी फारसं विचारलं नाही. हा या वादातला सगळ्यात जड मुद्दा, आणि तो एन्सलींच्याच माहितीतून निघतो. ते त्याच्यावर हवा तेवढा थांबत नाहीत, कारण त्यांना पुढे निःशस्त्रीकरणाकडे जायची घाई आहे. तरीही दोनपैकी एकच वाचायचा असेल तर एन्सली वाचा. त्यांच्या पानांवर माणसांची वस्ती मोजलेली आहे.

याच काळात, जुलै २०१३ मध्ये, एक तिसरी कल्पना वर्तमानपत्रात फुटली: सायप्रसमधल्या ब्रिटिश तळांसारखा फासलेनचा तुकडाच ब्रिटनचा सार्वभौम प्रदेश म्हणून ठेवायचा. पंतप्रधान कार्यालयाने ती झटकून टाकली. पण एवढ्या एका बातमीवर अख्खा सीझन लिहिता आला असता. स्वतंत्र देशाच्या पोटात परक्या देशाची अण्वस्त्रांची खाडी! यापुढे रशियन हेर म्हणजे अगदीच सपक मसाला.

आपल्याकडचं भूगोलाचं गणित वेगळं आहे. पश्चिम नौदल मुंबईत, मग 'अरिहंत' पूर्वेला का? मुंबईसमोरचा समुद्र लांबवर उथळ आहे. बॉम्बे हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर आहेत आणि तिथेही पाणी ७५ मीटरच्या आसपास. ११० मीटरची अरिहंत तिथे उभी केली तर एक तृतीयांश बाहेर राहील. विशाखापट्टणमजवळ किनारा सोडला की त्या मानाने लवकरच खोल पाणी लागतं, आणि त्याच्या दक्षिणेला रांबिल्लीजवळ नवा तळ उभा राहतोय. मुंबईकर म्हणून हायसं वाटतं. आणि मग लक्षात येतं की प्लिमथवाल्यांनाही असंच वाटत असणार.

कथेच्या बाजूने या विषयाला भिडणारं लेखन शोधताना डेव्हिड ग्रेग यांचं 'द लेटर ऑफ लास्ट रिसॉर्ट' हे २०१२ चं छोटं नाटक सापडलं. नवी पंतप्रधान आणि एक अधिकारी, दोघंच. ब्रिटन नष्ट झालं तर पाणबुडीने काय करायचं याचं पत्र तिला स्वतःच्या हाताने लिहायचंय. अशी चार पत्रं खरोखर असतात, प्रत्येक पाणबुडीच्या तिजोरीत एक. संवाद धारदार आहेत, हसूही येतं. पण पेच पुन्हा लंडनच्या खोलीतला. खाडीचा काठ इथेही नाही.

'व्हिजिल'चा दुसरा सीझन २०२३ च्या डिसेंबरमध्ये आला. त्यात ड्रोन आहेत, हवाई दल आहे, आणि एक काल्पनिक आखाती देश आहे. पाणबुडी मागे राहिली. तिकडे बॅरोच्या गोदीत ड्रेडनॉट वर्गाच्या चार नव्या पाणबुड्या बांधणं चालू आहे. २०३० च्या दशकात त्या जुन्यांची जागा घेतील आणि त्यांचंही घर फासलेनच असेल. तिसरा सीझन कुणी लिहिणार असेल तर कॅराडेलहून सुरुवात करायला हरकत नाही.