शोकाची भातुकली

आईबापांच्या मृत्यूनंतर मूल रडलें नाहीं, तर त्यास दुःख झालें नाहीं असें समजावें काय? रने क्लेमां या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'निषिद्ध खेळ' हा १९५२ सालचा चित्रपट पाहून पुष्कळांच्या मनांत हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचें उत्तर ते चुकीचें देतात असें आमचें मत आहे. यांतील पॉलेट ही पांच वर्षांची मुलगी निर्विकार आहे, किंबहुना थोडी दुष्टच आहे, असें म्हणणारे सुशिक्षित प्रेक्षक आम्हांस भेटले आहेत.

काळ १९४० च्या जूनचा. जर्मन फौजांच्या भयानें पॅरिस सोडून निघालेल्या माणसांचा लोंढा रस्त्यानें चालला आहे, आणि विमानें एका पुलावर गोळ्यांचा वर्षाव करतात. आपल्या कुत्र्याच्या पिलामागें धांवलेली पॉलेट वांचते. तिच्यामागें धांवलेले आईबाप मरतात. पिलूही मरतें. ती आईच्या गालास हात लावून पाहते, आणि मग स्वतःच्या गालास. बस्स, एवढेंच. मेलेलें पिलू उराशीं धरून भटकतांना तिला मिशेल दोले हा दहा-अकरा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा भेटतो, आणि त्याच्या घरीं तिला आसरा मिळतो.

येथून खरी कथा सुरू होते. पिलू पुरावयाचें ठरतें. परंतु तें खड्ड्यांत एकटें कसें राहील? म्हणून सोबतीला एक मेलेली चिचुंदरी येते, आणि मग एकामागून एक असे कितीतरी जीव. ओसाड पडलेल्या पाणचक्कींत एक चिमुकलें स्मशान उभें राहतें. प्रत्येक थडग्यावर क्रूस हवा, आणि तोही सुंदर हवा! पॉलेटच्या या ध्यासापायीं मिशेल सख्ख्या भावाच्या शववाहिकेवरील क्रूस चोरतो, गांवच्या स्मशानांतले उपटून आणतो, देवळांतील वेदीवरच्या क्रूसालाही हात घालावयास चुकत नाहीं.

आमच्याकडील मुली बाहुला-बाहुलीचें लग्न लावतात, कारण घरांत त्यांनीं लग्नच पाहिलेलें असतें. पॉलेटनें पाहिलें तें मरण. तेव्हां तिची भातुकलीही मरणाचीच झाली, यांत नवल तें काय? जें समजत नाहीं तें मूल खेळून पाहतें. आईबापांना मूठमाती देणें तिच्या हातीं नव्हतें. पिलाला ती देतां येत होती. खड्ड्यांतल्या पिलाच्या एकटेपणाची तिला लागलेली काळजी निव्वळ पिलाची आहे, असें ज्यांस वाटतें त्यांच्याशीं वाद घालण्याची आमची इच्छा नाहीं. दुष्टपणाच्या आरोपाविषयीं मात्र एक प्रसंग सांगितला पाहिजे. मिशेल लेखणीचें विमान करून एका झुरळाला टोंचून मारतो, आणि मारणारा मी नव्हे, बाँब होता, असें सांगतो. पॉलेट रागावते. मेलेल्यांचा मान राखावयाचा, पण कुणाला मारावयाचें नाहीं, हा तिच्या धर्माचा पहिला नियम आहे. मोठ्यांच्या जगांत त्या वेळीं तो कुठें पाळला जात होता?

दोले आणि गुआर या शेजारी कुटुंबांचें वैर क्लेमांनें प्रहसनाच्या अंगानें रंगविलें आहे, आणि दोघे कुटुंबप्रमुख झोंबाझोंबी करीत उघड्या थडग्यांत पडतात तो प्रसंग आम्हांस भडक वाटला. मोठ्यांना क्रूस म्हणजे घराची प्रतिष्ठा, हा अर्थ तेवढ्या धिंगाण्यावांचूनही पोहोंचला असता. शिवाय याच गांवढळ माणसांनीं एका परक्या पोरीला घरांत घेतलें, हें त्या हशांत विसरलें जातें. नार्सिसो येपेस यांच्या एकट्या गिटारीचें संगीत मात्र कोठेंही आगाऊपणा करीत नाहीं. या चित्रपटास १९५२ सालीं व्हेनिसचा सर्वोच्च मान मिळाला.

वयांत येण्याची कथा म्हणाल तर ती पॉलेटची नव्हे, मिशेलची आहे. पोलीस तिला न्यावयास येतात. क्रूस कोठें आहेत तें सांगशील तर पोरीला ठेवून घेऊं, असें बाप म्हणतो. मिशेल सांगतो, आणि बाप शब्द मोडतो. एवढ्या चोऱ्यांनीं जें झालें नाहीं तें त्या क्षणीं झालें. मिशेलचें बालपण तेथें संपलें. तो पाणचक्कीकडे धांवत जातो आणि सारे क्रूस प्रवाहांत फेंकून देतो.

असला चित्रपट घरांतील मुलांस दाखवावा काय, असें आम्हांस विचारण्यांत आलें होतें. दहा-बारा वर्षांच्या पुढील मुलांस अवश्य दाखवावा. तीं घाबरणार नाहींत. घाबरतील ते आईबाप, आणि त्यांनींही तो पाहावा.

शेवटीं स्टेशनावरील गर्दींत पॉलेट बसली आहे, गळ्यांत नांवाची चिठ्ठी. कोणीतरी कोणा दुसऱ्याच मिशेलला हांक मारतें. ती उठते, 'मिशेल, मिशेल' करीत गर्दींत शिरते. आणि हांका मारतां मारतां तें नांव आईच्या हांकेंत केव्हां मिसळतें, हें तिलाही कळत नाहीं. पाठमोरी धांवत ती माणसांत दिसेनाशी होते.