तलवार जेव्हा मोल मागते

वीरकथात्मक फँटसीत जादूची तलवार आता फार स्वस्त झाली आहे. नायकाला ती एखाद्या थडग्यात सापडते, उपसली की झळाळते आणि पुढची तीनशे पानं शत्रू पडत राहतात. तिच्या बदल्यात नायकाला काहीच द्यावं लागत नाही. या साहित्यप्रकाराचं आजचं दुखणं मला इथंच दिसतं.

मुळात ही तलवार अशी नव्हती. आइसलँडच्या हेर्वर गाथेतली टिर्फिंग म्यानाबाहेर आली की एक जीव घेतल्याशिवाय परत जायची नाही. पोल अँडरसनने १९५४ मध्ये 'द ब्रोकन स्वोर्ड'मध्ये हाच धागा उचलला. १९६१ मध्ये मायकेल मूरकॉकचा एल्रिक आला: पांढराफटक, अशक्त, औषधी वनस्पतींवर तगून राहणारा राजा. त्याची स्टॉर्मब्रिंगर मेलेल्यांचे आत्मे पिऊन त्याला ताकद पुरवते आणि पहिल्याच कथेत त्याच्या प्रेयसीचाही जीव घेते. त्याला तलवार नकोशी झालेली असते आणि तिच्याशिवाय उभंही राहता येत नाही. घरात दारूचं व्यसन पाहिलेल्या कुणालाही ही ओढाताण ओळखीची वाटेल.

डेव्हिड गेमेलने हा पेच आणखी अवघड केला. 'व्हाइट वुल्फ' (२००३) आणि 'द स्वोर्ड्स ऑफ नाइट अँड डे' (२००४) या कादंबऱ्यांचा नायक स्किलगॅनन एकाच म्यानात दोन तलवारी बाळगतो. एका म्हाताऱ्या चेटकिणीने दिलेल्या या तलवारींत दुष्टावा भरलेला आहे. राणी जियानाच्या हुकमावरून त्याने पेरापोलिस शहरात बायकापोरांसकट सगळ्यांची कत्तल केली आहे, आणि आपल्याला तो प्रथम भेटतो तो मठातला साधू म्हणून. तलवारींनी करवलं, असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. गेमेल ती पळवाट त्याला देत नाही, आणि मला या लेखकाबद्दल आदर वाटतो तो यामुळे. शिवाय तो त्याच्यासमोर ड्रस या कुऱ्हाडधारी योद्ध्याला आणून उभा करतो. ड्रसच्या कुऱ्हाडीतही एकेकाळी राक्षस होता, तरी लेकराबाळांवर हात उचलायचा नाही हा नेम त्याने मोडला नाही. जादूच्या हत्याराची सबब त्यामुळे आपोआपच लंगडी पडते.

दुसऱ्या कादंबरीत हजार वर्षं लोटली आहेत. हाडांपासून पुन्हा घडवलेला स्किलगॅनन जागा होतो, तेव्हा तो दंतकथा झालेला असतो. लोक ज्याची वाट पाहत होते तो वीर आणि पेरापोलिस आठवणारा माणूस एकाच देहात राहतात. ही कल्पना विलक्षण आहे. पण पुढे अर्धपशू सैनिकांचा आणि पुनर्जन्माच्या यंत्रणेचा पसारा इतका वाढतो की तलवारी मागे पडतात.

नंतरच्या तलवारींत ब्रँडन सँडरसनची नाइटब्लड ('वॉरब्रेकर', २००९) मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुष्टांचा नाश कर, अशी आज्ञा तिला मिळालेली आहे. पण दुष्ट म्हणजे कोण, हे पोलादाला कसं कळणार? ती लहान पोरासारखी उत्साहाने बडबडते आणि उपसणाऱ्याचं बळ शोषून घेते. सँडरसनच्या जगात मात्र हे बळ 'श्वासां'त मोजलं जातं, आणि मोजमाप आलं की त्या किमतीतलं दुःख विरळ होतं. नवे लेखक त्याच्याकडून नेमकी ही मोजणी उचलतात. नाइटब्लडचं भयंकर निरागसपण, जे उचलायला हवं होतं, ते त्यांच्या पानांवर क्वचितच दिसतं.