पिवळ्या खोलीतून दिसणारं निळं

झिव्हर्नीच्या आपल्या घरात चित्रकार क्लोद मोनेने जेवणघर पिवळंधमक रंगवलं आणि त्याला लागूनचं स्वयंपाकघर निळं. त्या काळी युरोपातल्या सधन घरांत जेवणाच्या खोल्या गडद रंगांच्या, जडशीळ असत. नॉर्मंडीतल्या या गावी मोने १८८३ साली आला आणि १९२६ मध्ये मृत्यूपर्यंत इथेच राहिला. बागेतल्या वाफ्यांइतकाच जीव त्याने या भिंतींना लावला.

पिवळा एक नाही, दोन आहेत. भिंतींवर फिका, पट्ट्यांवर आणि चौकटींवर गडद. कपाटंसुद्धा पिवळीच. एकाच छटेत सगळं रंगवलं असतं तर खोली अंगावर आली असती; दोन छटांमुळे कडा उठतात, भिंत सपाट राहत नाही. नॉर्मंडीचं आभाळ पुष्कळदा करडं असतं. अशा दिवशी उन्हाचं काम भिंतीनेच करायचं. तिथे टांगलेल्या जपानी ठसाचित्रांतला निळा या पिवळ्यावर जसा खुलतो, तसा पांढऱ्या भिंतीवर खुलला नसता.

स्वयंपाकघरात रूआं शहरातल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत आणि भिंतीवर तांब्याची भांडी. चुलीच्या खोलीला निळ्याचा थंडावा हवाच. पण तांब्याची ती तांबूस झळाळी नसती, तर खोली उदास झाली असती असं मला वाटतं. आपल्याकडेही चुन्यात नीळ घालत, पण ती पांढरा उजळण्यापुरती. मोनेचा निळा कशाच्याही मदतीला आलेला नाही, तो स्वतःच्या बळावर उभा आहे.

दोघांची खरी भेट दारात होते. जेवायला बसलेल्याला उघड्या दारातून पलीकडचा निळा दिसतो. पिवळ्यात मुरलेल्या नजरेला तो जास्तच गहिरा भासतो. शेजारचा रंग बदलला की रंगाचं रूप बदलतं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं होतं. मोनेच्या जेवणाच्या बशाही पाहाव्यात: मध्ये पांढरं, भोवती रुंद पिवळा काठ, कडेला निळी रेघ. दोन खोल्यांचं नातं वीतभर चिनीमातीत उतरलं आहे.

एकच खोली निवडायची तर माझा कौल पिवळीला, पण निळ्याकडचं दार उघडं ठेवून. घराला रंग काढणार असाल तर शेडकार्ड भिंतीला लावून थांबू नका. शेजारच्या खोलीच्या दारात उभं राहून दोन्ही रंग एका नजरेत पाहा, आणि मगच रंगाऱ्याला होकार द्या.