कळपाची वजाबाकी

डिसेंबर २०२१मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले. बघ्यांची गर्दी झाली, वनखात्याची धावपळ झाली आणि त्याच सुमारास करवीर तालुक्यात गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. असे काही घडले की एक स्पष्टीकरण हमखास ऐकू येते: 'वाघ संपले, म्हणून गवे वाढले.' गंमत अशी की, याच मुलखातील जुन्या शिकारी मंडळींचे म्हणणे नेमके उलट असे. 'रानकुत्री माजली, म्हणून सांबरे संपली. दिसेल तिथे गोळी घाला.' वरवर पाहता ही दोन मते एकमेकांच्या विरोधातील आहेत. पण दोन्हींच्या मुळाशी गणित एकच आहे. भक्षक वाढला की कळप तेवढाच घटणार आणि भक्षक घटला की कळप तेवढाच वाढणार. आमचा आक्षेप या गणितालाच आहे. शाळेतील पर्यावरणाच्या तासाला ते बहुधा न तपासताच शिकवले जाते, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी शिकाऱ्यांची बाजू पाहू. दाजीपूरचे जंगल हे कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारीचे रान. १९५८मध्ये तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि १९८५मध्ये त्याचा विस्तार होऊन आजचे सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले. अशा रानांत आयुष्य घालवलेल्या शिकाऱ्यांना अडाणी म्हणणे चुकीचे ठरेल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात शिकाऱ्यांनी लिहिलेली जुनी टिपणे चाळली, तर त्यांची नजर किती बारीक होती हे ध्यानात येते. पण रानकुत्र्यांची, म्हणजे कोळसुनांची, टोळी सांबराला जिवंतपणीच फाडून खाताना ज्याने पाहिली, त्याच्या मनात किळस बसे. त्या किळसेतून निष्कर्ष निघे, आणि ब्रिटिश अमदानीत रानकुत्रे मारणाऱ्याला सरकारी इनामही मिळे. निरीक्षण खरे होते. 'हे जनावर मारते' हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 'म्हणून कळप संपतो' हे मात्र कोणी पाहिले नव्हते. ते गृहीत धरले होते.

हे गृहीतक तपासण्याचे काम पुढे शास्त्रज्ञांनी केले. १९७०च्या दशकात ए. जे. टी. जॉनसिंग यांनी बंडीपूरच्या जंगलात रानकुत्र्यांचा पाठपुरावा केला. नागरहोळे येथे उल्हास कारंथ आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे यांच्या भक्ष्याचा अभ्यास करून तो १९९५मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशोबाप्रमाणे वाघाच्या भक्ष्याचे सरासरी वजन सुमारे ९२ किलो, तर रानकुत्र्यांच्या भक्ष्याचे सुमारे ४३ किलो भरले. पूर्ण वाढलेला गवा असतो हजार किलोच्या घरात. म्हणजे रानकुत्री गव्याचे वासरू उचलतील, पण गव्याचा कळप संपवण्याचा आरोप त्यांच्यावर टिकत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तिन्ही भक्षक एकाच जंगलात होते आणि तरीही तेथे चितळ, सांबर, गवे भरपूर होते. उलट १९६८मध्ये बंडीपूर-मुदुमलाईच्या पट्ट्यात गवे मोठ्या संख्येने मेले, ते बुळकांडीने. हा गुराढोरांचा रोग. त्या वर्षी एखाद्याने नुसतीच मोजदाद केली असती आणि जंगलात रानकुत्री पाहिली असती, तर दोष कोणाच्या माथी गेला असता हे सांगायला नको.

हाच वाद अमेरिकेत आजही चालू आहे आणि तेथे आकडे हाताशी असल्याने तो आपल्याला उपयोगी पडतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील लांडगे १९२६पर्यंत मारून संपवले गेले होते. १९९५ व १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून ३१ लांडगे आणून तेथे सोडले. उद्यानाच्या उत्तर भागात एल्क नावाच्या, सांबराहून मोठ्या हरणांचा कळप आहे. लांडगे येण्याआधी त्याची मोजदाद १९ हजारांपर्यंत गेली होती. २०१३मध्ये ती चार हजारांखाली आली. शिकारी म्हणाले, यापेक्षा आणखी कोणता पुरावा हवा? आकडा खरा आहे, घट मोठी आहे आणि लांडग्यांचा तीत वाटा आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण एकट्या लांडग्यांचा? त्याच काळात अस्वले वाढली होती, दुष्काळाची वर्षे होती आणि उद्यानाबाहेर हिवाळ्याच्या अखेरीस एल्क माद्यांची शिकारही होत होती. नवजात पाडसांना रेडिओ पट्टे लावून २००३ ते २००५ या काळात झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मृत्यू अस्वलांमुळे झालेले आढळले. लांडग्यांचा वाटा साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका होता.

आता खरा मुद्दा. लांडग्यांनी मारलेल्या प्रौढ एल्क माद्यांचे सरासरी वय सुमारे १४ वर्षे निघाले आणि शिकाऱ्यांनी मारलेल्यांचे साडेसहाच्या आसपास. हा फरक वर्गात फळ्यावर मांडून पाहावा. समजा, लांडग्यांनी दहा म्हाताऱ्या माद्या मारल्या आणि प्रत्येकीला पुढे एकच पाडस होणार होते. समजा, बंदुकीने दहा तरुण माद्या पडल्या आणि प्रत्येकीला पुढे सहा पाडसे होणार होती. वहीत दोन्हीकडे 'दहा माद्या' एवढीच नोंद होईल. पण कळपाचे भावी नुकसान एकीकडे दहा पाडसांचे आणि दुसरीकडे साठ पाडसांचे. शिवाय त्या म्हाताऱ्या माद्यांपैकी काही पुढच्या हिवाळ्यात तशाही मेल्या असत्या. त्यांचा मृत्यू लांडग्याच्या खात्यावर मांडायचा की हिवाळ्याच्या? कळपाची वजाबाकी अशी अवघड आहे. किती मारले याबरोबर कोणते मारले, आणि ते एरवी जगले असते का, हे विचारल्याशिवाय ती सुटत नाही. लांडगे आले त्यानंतरही काही वर्षे माद्यांच्या शिकारीचे परवाने दिले जात होते. ते कमी करत करत २०१०पर्यंत ती शिकार बंद करावी लागली, आणि पुढे कळप थोडा सावरला.

शिकाऱ्यांना एवढे सुनावल्यावर त्यांच्या विरोधकांनाही सोडून चालणार नाही. 'हाऊ वुल्व्ज चेंज रिव्हर्स' ही २०१४ची, साडेचार मिनिटांची ध्वनिचित्रफीत शिक्षकांच्या परिचयाची असेल. जॉर्ज मॉनबिओ यांच्या आवाजातील ही चित्रफीत देखणी आहे आणि अन्नजाळे म्हणजे काय ते मुलांना एका बैठकीत दाखवते. हा तिचा गुण. तिचा दोष असा की, तिच्यात कोठेही 'कदाचित' नाही. लांडगे आले, एल्क पांगले, झाडे वाढली, पक्षी आणि बीव्हर परतले, नद्यांचे काठ बळकट झाले. एका कारणामागून एक परिणाम, मुंग्यांच्या रांगेसारखे. प्रत्यक्षात कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१पासून वीस वर्षे यलोस्टोनच्या ओढ्यांकाठी प्रयोग केला. काही ठिकाणी कुंपण घालून एल्कना अडवले, काही ठिकाणी छोटे बांध घालून भूजल वर आणले. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: विलोची झुडपे, म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचे भाऊबंद, केवळ लांडगे परतल्याने उंच झाली नाहीत. लांडगे नव्हते त्या सत्तर वर्षांत बीव्हरचे बांध गेले होते, ओढ्यांची पात्रे खोल कातली गेली होती आणि पाणी मुळांच्या आवाक्याबाहेर गेले होते. घड्याळातले काढलेले चाक परत बसवले म्हणजे घड्याळ चालू होतेच असे नाही. मधल्या काळात बाकीची चाके गंजलेली असतात.

शिकारी लांडग्याला सर्व नुकसानीचा धनी करतात आणि चित्रफीत त्याला सर्व भल्याचा. दोघांनाही एक नायक किंवा एक खलनायक हवा आहे. निसर्गप्रेमाची बाजू आमची आहे, म्हणून तिचा दुबळा युक्तिवाद खपवून घ्यावा असे आम्हाला वाटत नाही. मुलांना आज सोपी गोष्ट सांगितली आणि उद्या ती खोटी ठरली, तर त्यांचा विश्वास त्या गोष्टीबरोबर संवर्धनावरूनही उडतो.

आता पुन्हा गव्याकडे येऊ. 'वाघ संपले, म्हणून गवे वाढले' हे वाक्य मग खोटे म्हणायचे का? आम्ही ते अपुरे म्हणू. पूर्ण वाढलेला गवा मारू शकणारा आपल्याकडचा प्राणी वाघच, हे खरे. चांदोली आणि कोयना मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेथे वाघ नांदावेत असे आम्हालाही वाटते. पण ऊस खायला शिवारात उतरणारा कळप वाघ आला म्हणून जंगलात परत जाईल, हे कोणी सिद्ध केलेले नाही. गवे खरोखर वाढले आहेत, की पूर्वी रानात राहत ते आता बाहेर दिसू लागले आहेत? जंगलातील गवताची कुरणे झुडपांनी व्यापली आहेत का? उन्हाळ्यात आतले पाणवठे टिकतात का? उसाचे शिवार रानाला किती भिडले आहे? कळपात वासरे किती आणि म्हातारी जनावरे किती? यांतील प्रत्येक प्रश्नाचा उपाय वेगळा आहे. कुरणाचा दोष असेल तर गवत राखावे लागेल, आणि शिवाराचा असेल तर कुंपण व वेळेवर भरपाई. निदान चुकले तर जंगलात वाघ येईलही, पण शेतकऱ्याचा ऊस आणि त्याचा जीव धोक्यातच राहील. आणि मग 'वाघ आणूनही काही झाले नाही' असे म्हणत लोक वाघावर चिडतील.

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागातील शिक्षकांना म्हणून आमची एक सूचना आहे. गवा दिसल्याची प्रत्येक बातमी विद्यार्थ्यांनी एका वहीत उतरवावी: तारीख, ठिकाण, एकटा नर की कळप, बरोबर वासरे किती, शेतात कोणते पीक, जवळचे जंगल किती दूर. माहिती गावकऱ्यांकडून विचारून घ्यावी, गव्याजवळ कोणी जाऊ नये. दोन-तीन वर्षांत ती वही भरली की तिच्या आधारे वाद घालावा. एका गटाने वाघाची बाजू घ्यावी, दुसऱ्याने उसाची, तिसऱ्याने पाण्याची. कोण जिंकते हे महत्त्वाचे नाही. 'हे तुला कशावरून कळले?' हा प्रश्न मुले एकमेकांना विचारू लागली, तर त्या तासाचे काम झाले.